लिथुएनियन शिकायला निघालात? संस्कृतच्या भरवशावर जाऊ नका

पुण्यात रशियन करून मी लिथुएनियाच्या राजधानीत, विल्नियस युनिव्हर्सिटीत, लिथुएनियन शिकायला गेले (१५७९ सालची युनिव्हर्सिटी, जुन्या शहरात). निघताना जो तो सांगायचा, अगं ती तर संस्कृतची बहीण, तुला काय अवघड. पहिल्या आठवड्यात मलाही तसंच वाटलं, कारण सूनुस म्हणजे मुलगा, आपला सूनु, उग्निस म्हणजे आग, दान्तिस म्हणजे दात. त्यांची म्हण तर ऐका, "दिएवस दावे दान्तिस, दुओस इर दुओनोस", देवाने दात दिले तर भाकरीही देईल, म्हणजे आपलं चोच दिली तो चाराही देईल! मी घरी फोन करून सांगितलं, सोप्पंय.

कसलं सोप्पं. डिक्शनरीत नामापुढे कंसात १ ते ४ पैकी एक आकडा असतो, मला वाटलं अर्थांचे नंबर असतील, दोन महिने तिकडे बघितलंच नाही. ते निघाले आघाताचे वर्ग, म्हणजे शब्दात कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा त्याचे. सूनुसमध्ये जोर शेवटी, पण "मुलाला" म्हणायला सूनू केलं की तोच जोर उडी मारून सुरुवातीला येतो, आणि साध्या पुस्तकात ही खूण छापतच नाहीत. तोंडी परीक्षेत माझी वाट लागली. तेव्हा नवा शब्द लिहाल तेव्हा आकडा बरोबर लिहाच.

खरी मदत झाली ती मराठीची. मुंबई म्हणजे मुंबायुस, मुंबईहून म्हणजे इश मुंबायाउस, गावाचं नावसुद्धा वाकतं याचं वर्गातल्या इंग्लिशवाल्यांना केवढं नवल, आपण जन्मभर पुणे-पुण्यात-पुण्याहून करतोच ना. चमच्यातला च आणि चहातला च वेगळा, हेही आयतंच कामाला येतं. रशियनमध्ये पिसात् आणि नापिसात् ही जोडी घ्या, "लिहीत होते" आणि "लिहून टाकलं", एवढं डोक्यात धरलं की बराच गोंधळ मिटतो, पण क्रियापद जोडीनेच पाठ करा. म्युनिकला अल्बेनियन करणारी मैत्रीण नामंच जोडीने पाठ करते, लिबर म्हणजे पुस्तक आणि लिब्री म्हणजे "ते" पुस्तक, आर्टिकल शेपटीसारखं मागे.

नोकरीचं म्हणाल तर २००४ पासून लिथुएनियन युरोपियन युनियनची अधिकृत भाषा आहे, त्यामुळे तिकडे भाषांतराची कामं असतात, पण नुसत्या तेवढ्यावर पुण्यात परत यायचा विचार असेल तर रशियन किंवा जर्मन सोडू नका, मी सोडली नाही म्हणून वाचले. थंडीचं काय सांगू, डिसेंबरात चारच्या आत अंधार. जाडजूड कोट तिकडेच घ्या, सेकंडहँडच्या दुकानात स्वस्त मिळतो.