घातक पदार्थ सांडण्याआधीची तयारी : विद्यापीठाच्या आवारासाठी

आवारात कुठे काय साठवलं आहे, याची नोंद आधी करून घ्या. रसायनशास्त्राची लॅब सगळ्यांनाच आठवते. जनरेटरचं डिझेल, कलाविभागातलं थिनर, जीवशास्त्राच्या कपाटातलं फॉर्मालिन (नमुने टिकवायचं रसायन) मात्र राहून जातं. प्रत्येक रसायनाच्या सेफ्टी डेटा शीटची, म्हणजे त्याचे धोके आणि उपाय सांगणाऱ्या माहितीपत्रकाची, छापील प्रत खोलीबाहेर ठेवा, कारण संगणक नेमका त्याच खोलीत असतो जिथे शिरता येत नाही. शीटचे 16 भाग असतात. चौथ्यात प्रथमोपचार आणि सहाव्यात सांडल्यावर काय करायचं ते असतं. या दोन पानांना खूण लावून ठेवा.

पुढचं काम सगळ्यांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच टाळलं जातं. काय आपण आवरायचं आणि कशासाठी दार ओढून बाहेर पडायचं, हे लिहून ठेवा. नुसते लिटर मोजून हे ठरत नाही. अर्धा लिटर ॲसिटोन (पटकन पेटणारं सॉल्व्हंट) फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा बाहेर खेचणाऱ्या काचेच्या कपाटात, सांडलं तर हूड चालू ठेवून काच खाली ओढायची. तेवढंच बिनखिडकीच्या तळघरात सांडलं तर दिव्याचं बटणसुद्धा न दाबता निघायचं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकत दूरच्या ठिणगीपर्यंत पोचते. बाटलीवर नाव नसेल किंवा कुणाला इजा झाली असेल, तर सांडलेलं कितीही थोडं असो, आवरायच्या भानगडीत पडायचं नाही. जखमीला घेऊन बाहेर यायचं आणि फोन करायचा.

ही यादी प्राध्यापकांसाठी लिहू नका. रात्री व्हरांड्यातला ओघळ सुरक्षारक्षकाला दिसतो, सकाळी सफाई कर्मचाऱ्यांना. फरशी खराब दिसली की ते मॉप आणि ब्लीच घेऊन येणार, त्यांचं कामच ते. पण ॲसिडवर ब्लीच पडलं की क्लोरीन वायू निघतो. त्यांच्या कागदावर मोठ्या अक्षरांत एवढंच हवं: हात लावू नका, कुणाला जाऊ देऊ नका, या नंबरवर फोन करून इमारत, मजला, खोली आणि बाटलीवरचं नाव सांगा. तो फोन रात्री कुणी उचलतं का, हे एकदा रात्रीच लावून बघा.

स्पिल किट, म्हणजे सांडलेलं आवरायच्या सामानाचा संच, तयार मिळतं, पण ते आपल्या कपाटातल्या रसायनांना चालेल का, हे आपणच बघायचं. ॲसिडसाठी सोडा, अल्कलीसाठी सायट्रिक ॲसिडची पावडर, सॉल्व्हंटसाठी व्हर्मिक्युलाइट (द्रव शोषणारं खनिज) किंवा शोषक पॅड. लाकडाचा भुसा स्वस्त खरा, पण तीव्र नायट्रिक ॲसिडवर तो पेट घेऊ शकतो. हायड्रोफ्लुओरिक ॲसिडवर वाळू किंवा व्हर्मिक्युलाइट नको, विषारी वायू तयार होतो. हे ॲसिड वापरात असेल तिथे भाजलेल्या जागी लावायला 2.5 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी हवंच, मुदत न संपलेलं. हेच ॲसिड पातळ असताना भाजलं तर वेदना कधी कधी काही तासांनी सुरू होते. ‘काही दुखत नाही’ म्हणणाऱ्याला घरी पाठवू नका. हातमोज्यांबद्दल ‘आहेत’ एवढी नोंद पुरत नाही. 1996 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमध्ये रसायनशास्त्रज्ञ कॅरन वेटरहान यांच्या लॅटेक्सच्या मोज्यावर डायमिथाइलमर्क्युरी या पाऱ्याच्या विषारी संयुगाचे थेंब पडले, ते मोज्यातून आरपार गेलं आणि पुढच्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. कुठल्या रसायनाला कुठला मोजा, हे किटवर चिकटवा. किट दाराजवळ ठेवा, बाटल्यांच्या मांडणीखाली नको.

थर्मामीटर फुटून पारा सांडला तर झाडू नको, व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नको. खोलीत अंधार करून टॉर्च जमिनीला समांतर धरा, फटींतले मणी चमकतात. जाड कागदाने ते एकत्र लोटायचे, ड्रॉपरने उचलायचे, बरणीत बंद करायचे. खरं तर पाऱ्याचे थर्मामीटर बदलून टाकले की ही नोंदच यादीतून जाते.

जिवाणूंचं कल्चर (लॅबमध्ये वाढवलेले जिवाणू) सांडलं तर बाहेर पडून दार लावा आणि उडालेले तुषार खाली बसायला निदान 30 मिनिटं द्या. मग कागदाने झाकून, ताजं पातळ केलेलं ब्लीच कडेकडून मध्याकडे ओतायचं. काचा चिमट्यानेच उचलायच्या.

आयवॉशपर्यंत, म्हणजे डोळे धुवायच्या नळापर्यंत, 10 सेकंदांत पोचता यायला हवं आणि डोळे 15 मिनिटं धुवायचे असतात. तो आठवड्यातून एकदा चालवून बघा. बंद नळाचं पहिलं पाणी गंजाचं येतं. त्याच्यापुढे खोकी रचलेली असतात, ती हलवा.

पावसाळी गटारं कुठे आहेत याचा नकाशा आणि झाकायला रबरी चादरी जनरेटरपाशी ठेवा. डिझेल एकदा गटारात गेलं की ते थेट ओढ्यात पोचू शकतं.

सराव रंगीत पाण्याने करा, आणि तोही संध्याकाळी, कमी माणसं असताना. पुसून काढलेला सोडा, पॅड, मोजे हाही घातक कचराच. पिशवीवर नाव आणि तारीख घालून वेगळा ठेवा. किटमधलं जे संपलं ते त्याच दिवशी भरून ठेवा.