पिकअप ट्रकवर सीबी रेडिओचा अँटेना: निवड, जागा आणि जोडणी

सीबी (सिटिझन्स बँड) म्हणजे गाडीतून जवळपासच्या लोकांशी बोलण्याचा दुतर्फा रेडिओ. तो घेताना बहुतेक जण संच निवडण्यात चार दिवस घालवतात आणि अँटेना मात्र दुकानदार पुढे करील तो उचलून आणतात. खरे तर हे उलटे व्हायला हवे. अमेरिकेत एफसीसी या दळणवळण नियामक संस्थेच्या नियमांनुसार सीबी संचाला नेहमीच्या एएम पद्धतीत जास्तीत जास्त ४ वॅट आणि सिंगल साइडबँड या दुसऱ्या प्रक्षेपण पद्धतीत १२ वॅट एवढीच शक्ती वापरता येते, आणि संच स्वस्त असो वा महाग, ही मर्यादा सर्वांना सारखीच आहे. त्यामुळे आपला आवाज पुढच्या वळणापर्यंत पोचणार की काही मैल पलीकडच्या ट्रकवाल्याला स्वच्छ ऐकू जाणार, हे प्रामुख्याने अँटेनावर आणि तो ज्या पत्र्यावर उभा आहे त्या पत्र्यावर ठरते.

पत्र्याचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे. सीबीच्या ४० चॅनेलची वारंवारता २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे तरंगलांबी साधारण ११ मीटर. गाडीवरचा अँटेना या लांबीच्या चतुर्थांशाच्या हिशेबाने काम करतो, म्हणजे सुमारे ९ फूट. उभी काठी हा या व्यवस्थेचा निम्माच भाग असतो. उरलेला निम्मा भाग म्हणजे तिच्या बुडाशी पसरलेला गाडीचा धातू, ज्याला ग्राउंड प्लेन म्हणतात. पिकअपमध्ये अडचण अशी की हा धातू सलग नसतो. केबिन वेगळी, मागचा हौदा वेगळा, आणि दोन्ही खालच्या चासीवर स्वतंत्रपणे बसवलेले. त्यातही केबिन रबरी गाद्यांवर टेकलेली असते. साध्या मोटारीवर सहज जमणारी जोडणी पिकअपवर बिघडते, ती बहुतेक वेळा याच कारणाने.

अँटेनाची निवड

पूर्ण लांबीचा अँटेना म्हणजे १०२ इंचांची स्टीलची काठी, आणि तिच्या बुडाशी सुमारे ६ इंचांची स्प्रिंग धरली की बरोबर ९ फूट होतात. कामगिरीत तिच्या तोडीचे काही नाही, पण शहरात राहणाऱ्याने ती घेऊ नये. ती बंपरवर लावली तरी झाडांच्या फांद्या, पेट्रोल पंपांची छपरे आणि पार्किंगच्या कमानी यांना थडकत राहते.

याहून आखूड अँटेनामध्ये तार गुंडाळून, म्हणजे कॉइल घालून, लांबीची उणीव भरून काढलेली असते. ही भरपाई फुकट मिळत नाही. काठी जितकी आखूड, तितकी शक्ती कॉइलमध्ये उष्णता होऊन वाया जाते आणि ४० पैकी जितक्या चॅनेलवर तो नीट जुळतो तो पट्टाही अरुंद होतो. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: जागेला आणि गॅरेजच्या दाराला जेवढी लांबी परवडेल तेवढी घ्यावी, आणि ३ फुटांच्या खाली जाऊ नये. टपाच्या मध्यावर बसवायचा असेल तर बुडाशी कॉइल असलेला, वर लवचिक स्टीलची काठी असलेला प्रकार घ्यावा. हौद्याच्या कडेवर बसवायचा असेल तर फायबरग्लासच्या काठीवर तार गुंडाळलेला आणि वरच्या टोकाला दाट कॉइल असलेला ४ किंवा ५ फुटांचा अँटेना चांगला. कारण केबिनच्या मागे उभ्या असलेल्या काठीचा खालचा भाग केबिनच्या आडोशाला जातो, आणि निम्म्याहून जास्त काठी टपाच्या वर असेल तरच पुढच्या दिशेला नीट ऐकू जाते.

दोन बाजूंना दोन अँटेना लावण्याचा मोह अनेकांना होतो, कारण मोठ्या ट्रकवर तसे दिसते. त्या जोडीचा पुरता लाभ होण्यासाठी दोन काठ्यांमध्ये ८-९ फुटांचे अंतर लागते आणि पिकअपची रुंदी त्याहून बरीच कमी असते. तेवढ्या पैशात एकच उत्तम अँटेना आणि उत्तम केबल घ्यावी. तसेच ‘ग्राउंड प्लेन लागत नाही’ असे लिहिलेला अँटेना फायबरच्या गाड्यांसाठी आणि बोटींसाठी असतो आणि त्याला त्याचीच खास केबल लागते. धातूच्या पिकअपवर त्याचे काही काम नाही.

जागा ठरवणे

सर्वांत उत्तम जागा म्हणजे केबिनच्या टपाचा मध्य. तिथे चारही बाजूंना पत्रा असतो, म्हणून सर्व दिशांना जवळपास सारखा आवाज जातो. लोहचुंबकाच्या बैठकीचा अँटेना इथे पाच मिनिटांत बसतो. पण विकत घेण्याआधी फ्रिजवरचा एखादा लोहचुंबक टपाला लावून पाहावा. फोर्डच्या एफ-१५० या पिकअपची बॉडी २०१५ च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमची आहे, तिला लोहचुंबक धरत नाही. काचेच्या टपाच्या गाड्यांचेही तेच. ॲल्युमिनियम ग्राउंड प्लेन म्हणून उत्तम काम करते, फक्त बैठक नट-बोल्टने बसवावी लागते. टपाला भोक पाडायचे असेल तर छताच्या आतल्या अस्तराआडून एअरबॅग आणि वायरी कुठून गेल्या आहेत हे आधी पाहावे, आणि ते नक्की कळत नसेल तर ड्रिल हातात घेऊ नये.

टप शक्य नसेल तर हौद्याच्या कडेवरचा चौकोनी खाचा किंवा बॉनेटच्या कडेला बसणारी पट्टी, या दोन जागा व्यवहारात चांगल्या ठरतात. कोपऱ्यात लावलेल्या अँटेनाचा आवाज गाडीचा धातू ज्या दिशेला जास्त पसरला आहे त्या दिशेला अधिक जातो. म्हणजे मागच्या डाव्या कोपऱ्यातला अँटेना पुढे उजवीकडे जास्त बोलतो. हमरस्त्यावर पुढच्या वाहतुकीची खबर हवी असते, त्यामुळे मागची जागा त्या दृष्टीने वाईट नाही. दाराच्या आरशाची दांडी मात्र टाळावी. आजकालच्या पिकअपमध्ये आरशांची घडण बरीचशी प्लास्टिकची असते आणि दाराचा धातू बिजागऱ्यांमधून बॉडीशी जेमतेम जोडलेला असतो.

जागा पक्की करण्याआधी उंची मोजावी. पिकअपचा टप साडेसहा फुटांच्या आसपास असतो, त्यावर ४ फुटांची काठी म्हणजे साडेदहा फूट; घरच्या गॅरेजचे दार बहुधा ७ फुटांचेच असते. रोज आत-बाहेर करायचे असेल तर दाबून फिरवताच निघणारा क्विक-डिस्कनेक्ट जोड बुडाशी बसवावा.

बसवणे

प्रथम बैठकीची पट्टी जागेवर धरून खूण करावी. मग जिथे बोल्ट पत्र्याला टेकणार आहे तिथला रंग खरवडून काढावा. हे काम जिवावर येते, नव्या गाडीवर तर फारच, पण त्याला पर्याय नाही, कारण रंग विजेला अडवतो. नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासावी, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि त्यानंतर उघड्या राहिलेल्या कडेला रंगाचा हात फिरवावा, म्हणजे गंज धरणार नाही.

यानंतर येतो तो स्टड, म्हणजे ज्यात वरून अँटेना आणि खालून केबल बसते तो तुकडा. अर्ध्याहून अधिक चुका इथे होतात असे माझे निरीक्षण आहे. स्टडचा जाड भाग पट्टीच्या भोकातून खालून वर घालावा. त्याच्या अंगाचा धातू पट्टीला घट्ट टेकला पाहिजे, कारण केबलच्या बाहेरच्या जाळीचा, म्हणजे मधल्या तारेभोवती विणलेल्या धातूच्या आवरणाचा, मार्ग तोच आहे. वरच्या बाजूने नायलॉनचा पांढरा वॉशर येतो. त्याच्या एका अंगाला छोटी पायरी असते आणि ती पायरी भोकात उतरून बसली पाहिजे. मग त्यावर वरचा नट. हा नट फक्त नायलॉनला टेकावा, पट्टीला कुठेही शिवू नये. वॉशर उलटा बसला तर मधला खिळा पट्टीला लागतो आणि अँटेनाकडे जाणारी सगळी वाट तिथेच शॉर्ट होते. बाहेरून पाहता मात्र सर्व व्यवस्थित दिसते.

म्हणून केबल संचाला लावण्याआधी मल्टिमीटर घेऊन दोन तपासण्या कराव्यात. पहिली, पट्टी आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये रोध १ ओहमच्या आत असावा. दुसरी, अँटेना काढून ठेवून केबलच्या मधल्या खिळ्यापासून बाहेरच्या कड्यापर्यंत मोजावे. तिथे जोड लागता कामा नये, म्हणजे मीटरने शून्य नव्हे तर अनंत रोध दाखवावा. अँटेना काढायला सांगतो आहे, कारण काही प्रकारांत कॉइलच मधल्या खिळ्याला बैठकीशी जोडते आणि मग चांगली जोडणीही शॉर्ट भासते.

माझा स्वतःचा पहिला अँटेना मी हौद्यात आडव्या बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या टूलबॉक्सवर लावला होता. पट्टी टूलबॉक्सशी घट्ट, बोल्टखालचा रंग काढलेला, केबल नवी, आणि तरीही सर्व चॅनेलवर एस.डब्ल्यू.आर. मीटर (अँटेनाकडून परत येणारी शक्ती दाखवणारा, त्याविषयी पुढे सांगतो) ३ च्या वर. दोन संध्याकाळी घालवल्यावर लक्षात आले की टूलबॉक्स हौद्याच्या कडेवर फोमच्या पट्टीवर टेकलेला होता आणि त्याला धरणाऱ्या आकड्यांखाली रंग होता. धातूची एवढी मोठी पेटी गाडीपासून पूर्णपणे तुटलेली होती. टूलबॉक्सपासून हौद्याला आणि हौद्यापासून चासीला विणलेल्या तारेची रुंद पट्टी जोडली, तेव्हा तोच अँटेना शहाण्यासारखा वागू लागला. तेव्हापासून हौद्यावर काहीही लावायचे तर मी हौदा, केबिन आणि चासी या तिघांना अशा पट्ट्यांनी आधी एकत्र बांधून घेतो. पट्टी आखूड आणि रुंद असावी, आणि ॲल्युमिनियमला जोडताना कथलाचा मुलामा दिलेली घ्यावी, कारण उघडे तांबे ॲल्युमिनियमला ओलाव्यात कुरतडते.

केबल

एका अँटेनाला ५० ओहमची केबल लागते. आरजी-५८ चालते, आरजी-८एक्स जरा जाड पण अधिक चांगली. केबल दाराच्या फटीत चिमटू देऊ नये आणि पत्र्याच्या धारेवरून जाते तिथे रबरी कडे घालावे. इंधन पंपाच्या आणि इंजिनाच्या वायरींना समांतर नेल्यास संचात घरघर शिरते. केबल १८ फुटांचीच हवी असे पुष्कळ जण सांगतात; अँटेना नीट जुळलेला असेल तर लांबीने फरक पडत नाही. शिल्लक केबलचे घट्ट वेटोळे मात्र करू नये, ती सीटखाली सैल नागमोडी ठेवावी. संचाचा वीजपुरवठाही थेट बॅटरीवरून, बॅटरीजवळ फ्यूज घालून घ्यावा.

एस.डब्ल्यू.आर. जुळवणे

एस.डब्ल्यू.आर. म्हणजे स्टँडिंग वेव्ह रेशो. अँटेनाकडे पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत येते त्याचे हे माप आहे. ते १.५ असेल तर सुमारे ४ टक्के शक्ती परतते, २ असेल तर ११ टक्के आणि ३ असेल तर २५ टक्के. ३ च्या वर असताना बटण दाबून बोलत राहू नये. संचाचा शेवटचा ट्रान्झिस्टर त्याने जळू शकतो.

गाडी मोकळ्या जागेत, भिंती आणि झाडांपासून दूर उभी करावी, दारे आणि बॉनेट बंद ठेवावे, आणि अँटेनाजवळ कोणी उभे राहू नये. मीटर संच आणि केबल यांच्यामध्ये आखूड जोडतारेने लावावा. चॅनेल १ वर जावे, कोणी बोलत नाही ना ते ऐकून घ्यावे, मीटरचा खटका पुढच्या दिशेला ठेवून माइकचे बटण दाबावे आणि मीटरचा नॉब फिरवून काटा त्यावरच्या ठरलेल्या खुणेवर आणावा. मग खटका परतीच्या दिशेला करून आकडा वाचावा. हे सर्व काही सेकंदांत उरकावे. असेच २० आणि ४० या चॅनेलवर करावे, आणि प्रत्येक वेळी काटा नव्याने खुणेवर आणावा.

१ वरचा आकडा ४० वरच्यापेक्षा जास्त असेल तर अँटेना आखूड पडतो आहे, तो वाढवावा; ४० वरचा जास्त असेल तर तो लांब आहे, कमी करावा. फायबरग्लासच्या काठीच्या टोकाला फिरवण्याचा स्क्रू असतो, स्टीलची काठी बुडाशी ॲलन स्क्रू सैल करून वर-खाली सरकते. कापण्याची वेळ आलीच तर एका वेळी पाव इंचाहून जास्त कापू नये. १ आणि ४० वरचे आकडे सारखे आणि २० वरचा सर्वांत कमी आला की जुळले. टोकाच्या चॅनेलवर २ च्या आत आणि मध्ये १.५ च्या आत आले तर समाधान मानावे. तिन्ही चॅनेलवर आकडा ३ च्या वर असेल तर लांबीला हात लावू नये. दोष लांबीत नसतो, तो अर्थिंगमध्ये, नायलॉनच्या वॉशरमध्ये किंवा केबलच्या टोकाच्या जोडात असतो.

शेवटी खालच्या जोडावर आपणच आपल्याला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी, म्हणजे पाणी जाळीत शिरत नाही. मग १९ नंबरवर, जिथे ट्रकवाले असतात, रेडिओ चेक मागावा, म्हणजे आपला आवाज नीट येतो का ते विचारावे, आणि उत्तर देणारा किती मैलांवर आहे ते विचारावे. ९ नंबर आणीबाणीसाठी राखलेला आहे, तिथे चाचणी करू नये. पहिल्या शंभरेक मैलांच्या प्रवासानंतर सर्व स्क्रू पुन्हा आवळून एस.डब्ल्यू.आर. पुन्हा मोजावा, आणि हौद्यावर नवे झाकण किंवा नवी जाळी बसवली की त्या दिवशीही.