अंतरपाट खाली येतो तेव्हा कुठं उभं राहायचं

हल्ली नागपुरात घरच्या घरी, चाळीस-पन्नास माणसांत लग्नं लागून राहिली, त्यात अंतरपाटाचा फोटो घ्यायचा तर नवरीच्या मागे नका थांबू, अंतरपाटाच्या टोकाला, त्याच्या रेषेत उभे राहा म्हणजे दोघांचेही चेहरे एका फ्रेममध्ये येतात. त्या टोकाला पाट धरणाऱ्याला आधीच सांगा, बाप्पा थोडं बाजूला सरका, नाहीतर फोटोत त्याची पाठच. ३५ एमएम लेन्स पुरते. शेवटच्या ‘सावधान’ला बर्स्ट मोड, म्हणजे बटण दाबून ठेवलं की लागोपाठ फोटो, आणि अक्षता हवेत थांबलेल्या पाहिजे तर शटर १/५०० सेकंदाच्या आसपास. एलईडीमुळे पट्टे येत असतील तर मात्र १/१०० वर या, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे ना, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मे महिन्यात गच्चीवर दुपारचा मुहूर्त असला तर कॅमेरा मधेमधे सावलीत ठेवा, तापून बंद पडू शकतो.