ऑक्टोबरात सिंहगड व्हॅलीत पक्षी दिसत नाहीत? या चुका टाळा

५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह (पक्षी-अभ्यासक मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिनांमधला) जवळ आला की सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडीत नवख्यांची वर्दळ वाढते. त्यातले बरेच जण हिरमुसून परततात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एप्रिलमधले फोटो पाहून डबक्यापाशी ठाण मांडणं. उन्हाळ्यात ओढा आटतो, दोन-चार डबकी उरतात, म्हणून पक्षी तिथे येतात. ऑक्टोबरात ओढ्यात जागोजागी पाणी असतं. मग तुमच्याच डबक्यावर यायला त्यांना काय पडलंय? पहिल्या वर्षी मी असाच तीन तास बसलो होतो. पदरात पडला एक धोबी पक्षी!

या दिवसांत कानांनी शोधावं लागतं. सावकाश चाला, दर पन्नास पावलांवर थांबा. बराच वेळ सामसूम असते आणि एकदम झाड छोट्या पक्ष्यांनी जिवंत होतं: वल्गुली, चष्मेवाले, नाचण आणि त्यांच्यात हिमालयाकडून आलेला हिरवट वटवट्या. हा मिश्र थवा असतो. तो पुढे सरकला की मागे धावू नका. कुठल्या दिशेने निघालाय ते पाहून थोडं पुढे जाऊन उभे राहा. दरीच्या तळाशी ऊन उशिरा उतरतं, म्हणून सकाळी आधी उन्हातले शेंडे बघा. किडे तिथे लवकर हलू लागतात.

ओळखीतही गफलत होते. ओढ्यातल्या दगडावर पिवळ्या पोटाचा, लांब शेपटी हलवणारा दिसला की लोक ‘पिवळा धोबी’ लिहून मोकळे होतात. पाठ बघा. राखाडी असेल तर तो करडा धोबी. पिवळ्याची पाठ हिरवट असते आणि त्याला मोकळी ओली रानं आवडतात. तसंच स्वर्गीय नर्तक हा पक्षी तांबूस दिसला म्हणजे ती मादीच, असं नाही. तरुण नरही तांबूसच असतो.

दुर्बिणीत पक्षी सापडत नसेल तर नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. दाट सावलीत १०×४२ पेक्षा ८×४२ बरी (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा): उजेड जास्त, थरथर कमी.

आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं? माझ्यासोबत येणाऱ्याचा फोन मी आधी बॅगेत ठेवायला लावतो. तो आवाज प्रतिस्पर्ध्याचा समजून पक्षी धावून येतो. शेकडो मैल उडून आलेल्या जिवाला खोट्या भांडणात कशाला ओढायचं!