बीएस-6 ट्रक चालू होईना झाला तर सेल्फ खोलायच्या आधी हे बघा

आपल्याकडं गाडी चालू होईना झाली की पहिला मार बिचाऱ्या सेल्फला (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर), खोलून सरळ वाइंडिंगवाल्याकडं. पण नव्या बऱ्याच गाड्यांत सेल्फला हुकूम ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) देतो, आणि त्याचं बाकीच्या कंट्रोल डब्यांशी बोलणं कॅन नावाच्या डेटा लाईनच्या दोन वायरीवरून चालतं, ते तुटलं तर सेल्फ ठणठणीत असून गाडी ढिम्म.

आधी बॅटऱ्या. दोन्ही वेगवेगळ्या मोजा, चांगल्या भरलेल्या प्रत्येकी साडेबारा व्होल्टच्या वर दाखवतात. मग चेसीची अर्थिंग, लोडवर इंजिन ब्लॉक ते निगेटिव्ह अर्ध्या व्होल्टच्या वर पडायलं असंल तर ती वायर खोलून घासा. मग ईसीएमचे फ्यूज, नुसते डोळ्यानं बघू नका, दोन्ही टोकाला सप्लाय बघा.

आता स्कॅनर (फॉल्ट कोड वाचायचं यंत्र). एबीएस (ब्रेकचा डबा) बोलायलं पण ईसीएम गप, तर ईसीएमचा सप्लाय किंवा कॅन लाईनची त्याच्याकडं जाणारी फांदी बघायची. कुणीच बोलंना तर आधी स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या 16 नंबर पिनला करंट आणि 4, 5 ला अर्थ आहे का बघा, नाहीतर उगाच मेन लाईनवर खापर.

खरी गंमत पुढं. बॅटरी काढा, मीटर ओहमवर, सॉकेटच्या 6 आणि 14 मध्ये लावा. कॅन लाईनच्या दोन टोकाला 120 ओहमचे दोन रेझिस्टर असतात म्हणून 60 च्या आसपास यायला पाहिजे. 120 आलं तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आलं तर दोन्ही वायरी एकमेकीला चिकटल्यात, 40 आलं तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर घुसडलाय. गाडीत गेटवे (वेगवेगळ्या कॅन लाईनी जोडणारा डबा) असंल तर हा आकडा त्या सॉकेटच्या लाईनपुरताच, आतली लाईन डायग्राम बघून वेगळी मोजावी लागती.

60 आलं म्हणून सुटलो असं नाही. बॅटरी जोडून चावी ऑन करा, मीटर व्होल्टवर घेऊन चेसीशी मोजा, 6 वर अडीचच्या जरा वर, 14 वर जरा खाली, दोन्हीची बेरीज पाचच्या जवळ. 24 दिसलं तर लाईन पॉझिटिव्हला लागलीय, शून्य असंल तर चेसीला. मग चावी बंद करून एकेका डब्याचं आणि सेन्सरचं सॉकेट काढत जायचं, दरवेळी परत मोजायचं, ज्याला काढल्यावर लाईन जिवंत झाली तो चोर. सायलेन्सरजवळच्या नॉक्स सेन्सरवर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा) माझा पहिला संशय, तो उष्णतेनं आतून जातो आणि सगळी लाईन घेऊन बसतो. ओहम मोजताना ईसीएमचं सॉकेट काढून 120 दिसलं तर घाबरू नका, बऱ्याचदा रेझिस्टर त्याच्या पोटातच असतो.

वायर कुठं जाती? केबिन उचलायच्या बिजागरीजवळ घासून. उसाच्या सीझनला कारखान्याच्या यार्डात दोन-दोन दिवस नंबर लागंना की उंदरं हार्नेस (वायरींचा जुडगा) कुरतडतात. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल प्रेशरनं धुतला की पाणी सॉकेटात, आणि पिना हिरव्या.

जोडताना दोन्ही कॅन वायरींचा एकमेकीभोवतीचा पीळ तसाच ठेवा, सोल्डर करून वर हीट श्रिंक, नुसती टेप नको. टेस्ट लॅम्प तर कॅन वायरीला अजिबात लावू नका, आणि बॉडीला वेल्डिंग करायची तर आधी बॅटरीची केबल काढा, ईसीएम महाग आहे भाऊ. शेवटी कोड मिटवून चावी ऑन ठेवा अन् हार्नेस हातानं हलवून बघा, कोड परत आला तर जोड अजून कच्चाच आहे.