सीएमएलचा पीसीआर रिपोर्ट: या चुका टाळा

सीएमएल (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया) हा रक्ताचा कॅन्सर. त्याच्या गोळ्या चालू असताना आजार किती उरलाय ते पीसीआर या तपासणीतून बघतात. तिचा रिपोर्ट वाचताना सगळ्यात जास्त घोळ होतो टक्क्यांचा. मागे फिश या दुसऱ्या तपासणीत २ टक्के होते, आता पीसीआरमध्ये ०.५ आले, म्हणजे सुधारणा झाली, असं घरचे धरून चालतात. या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. फिशमध्ये पेशी मोजतात: ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल किती पेशींत दिसते. पीसीआरमध्ये त्या अदलाबदलीतून तयार झालेल्या बीसीआर-एबीएल या जोडजनुकाचा आरएनए (पेशीत बनणारी जनुकाची नक्कल) मोजतात. रिपोर्टवर ‘आयएस’, म्हणजे आंतरराष्ट्रीय मोजपट्टी, लिहिलंय का ते आधी बघा. नसेल तर दादरच्या लॅबचा आकडा ठाण्याच्या आकड्याशेजारी ठेवूच नका. शक्यतो एकच लॅब धरा.

आयएसवर साधारण अपेक्षा अशी: गोळ्या सुरू केल्यापासून ३ महिन्यांनी १० टक्के, ६ महिन्यांनी १ टक्का आणि वर्षाने ०.१ टक्का, किंवा त्याहून कमी. ०.०२ चं ०.०४ झालं म्हणून झोप उडवून घेऊ नका. एवढा फरक टेस्टमध्येच पडू शकतो.

दुसरी चूक क्वचित होते, पण फार महाग पडते. बीसीआर जनुक सगळ्यांत एकाच जागी तुटत नाही. बहुतेकांत जोडजनुकाचा ई१३ए२ किंवा ई१४ए२ हा प्रकार असतो आणि दोन्हींतून पी२१० प्रथिन बनतं. मोजक्या पेशंटमध्ये ई१ए२ किंवा ई१९ए२ निघतो. लॅबची टेस्ट फक्त पी२१० शोधत असेल, तर आजार असूनही रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो. निदानाच्या वेळचा प्रकार फाईलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आणि पीसीआर झाली म्हणून सुरुवातीची कॅरिओटाइप, म्हणजे सगळ्या गुणसूत्रांची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, टाळू नका. ९ आणि २२ ची अदलाबदल अमेरिकन शास्त्रज्ञ जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये गुणसूत्रांचे पट्टे बघूनच ओळखली होती. इतर गुणसूत्रांतले जादा बदल आजही पीसीआरला दिसत नाहीत.

सॅम्पलचं म्हणाल तर पीसीआरला जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब, कॅरिओटाइपला हिरव्या झाकणाची हेपरिनची. हेपरिन पीसीआरमध्ये अडथळा आणतं. बदलापूरला रक्त काढून परळला पाठवायचं असेल तर सोमवार ते गुरुवार सकाळी काढा. शनिवारी काढलेलं सॅम्पल सोमवारपर्यंत पडून राहिलं की आरएनए खराब होतो. ट्यूब फ्रीझरमध्ये तर मुळीच ठेवायची नाही.

मुलांची तपासणी करायची का, असं बरेच जण विचारतात. गरज नाही. हा बदल जन्मानंतर रक्तपेशीत होतो, वारशाने जात नाही.

आकडा ०.१ च्या वर चढला तर आधी गोळ्यांची पाकिटं मोजा, किती चुकल्या ते डॉक्टरांना खरं सांगा. घाबरून स्वतःच गोळी बदलू किंवा बंद करू नका. गोळ्या नीट चालू असूनही आकडा चढत असेल तर एबीएल म्युटेशनची, म्हणजे जनुकाच्या एबीएल भागात झालेल्या बदलाची, तपासणी मागा. त्यात टी३१५आय हा बदल निघाला तर इमॅटिनिब, डॅसॅटिनिब, निलोटिनिब या गोळ्यांपैकी काहीच लागू पडत नाही. पोनॅटिनिब किंवा अ‍ॅसिमिनिब या गोळ्यांचा विचार करावा लागतो.