पडावाच्या दगडाजवळचा जिओकॅश : या चुका टाळा

इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिन्जंट या निजामाच्या फौजेच्या छावण्या जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, अशा गावी होत्या. अशा छावणीच्या किंवा पडावाच्या जुन्या दगडाजवळ खेळासाठी लपवलेला डबा, म्हणजे जिओकॅश, मोबाइलवर शोधायला निघालात, तर पहिला घोळ बहुधा घरातच होतो.

जिओकॅशचे अक्षांश-रेखांश अंश आणि दशांश मिनिटांत असतात. २०° १४.५२० हा आकडा नकाशात २०.१४५२० असा टाकला की संपलं! खरा आकडा २०.२४२००. एवढ्या चुकीने तुम्ही दहा किलोमीटरहून जास्त दक्षिणेला, कुणाच्या तरी कपाशीत उभे राहता.

आकडा बरोबर असला तरी मोबाइल तीन-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतोच, झाडाखाली त्याहून जास्त. बाणामागे गोल गोल फिरू नका. मोबाइल खिशात घाला आणि नजर वापरा.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. दगड हलवणं, खालची माती उकरणं. जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय खड्डा खणून जिओकॅश ठेवायला नियमातच मनाई आहे, मग उकरायचं कशाला? शिवाय जुन्या दगडाभोवती उकरणारा अनोळखी माणूस म्हणजे गुप्तधनवाला, हे आपल्याकडे ठरलेलं. बांधावरून ‘काय पाहू राह्यले, भाऊ?’ असा आवाज आला, तर ‘काही नाही’ म्हणून सटकू नका. त्यानेच संशय वाढतो. राम राम करा, डबा सापडला असेल तर त्यातली लॉगबुकाची, म्हणजे शोधणाऱ्यांच्या सह्यांची, चिठ्ठी दाखवा, खेळ समजावून सांगा. खरं तर शेतात पाय टाकण्याआधीच मालकाला विचारलेलं बरं. दगडाला शेंदूर लागलेला असेल तर चपला लांब काढा, वाद नको.

दगडांच्या खाचेत थेट हात घालू नका. घोणस, फुरसं, विंचू यांनाही तीच जागा आवडते. आधी काठी, बॅटरी, मगच हात. पावसाळ्यात काळ्या रानात जाणं टाळाच, बुटाला किलो-किलोचा चिखल लागतो आणि पिकाची नासाडी होते ती वेगळीच.

लॉगबुक ओलं असेल तर पेन चालत नाही, पेन्सिल ठेवा.

डबा सापडलाच नाही, तर ‘नाही सापडला’ अशी नोंद प्रामाणिकपणे करा. डबा लपवणाऱ्याला न विचारता आपला नवा डबा ठेवून ‘सापडला’ लिहिणारे महाभाग असतात. मग जुनाही तिथेच निघतो आणि पुढचा शोधणारा कोणत्या डब्यात सही करायची म्हणून लपवणाऱ्यालाच विचारत बसतो.